ग्रंथसूचीची साक्ष

ग्रंथालयशास्त्र आणि साहित्याचें समाजशास्त्र यांच्या सीमेवरील एखादा विषय घेऊन एम्. ए. चा प्रबंध लिहावयास बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनांत पहिली कल्पना बहुधा एकच येते. एखाद्या जुन्या ग्रंथालयाची सूची मिळवावी, तींतील पुस्तकें विषयवार मोजावीं आणि त्या काळचा समाज काय वाचीत होता हें आंकड्यांनीं सिद्ध करावें. ही कल्पना सरळ आहे, आणि टाकाऊ तर मुळींच नाहीं. परंतु सूची ही एक साक्षीदार आहे. साक्षीदार कोण, त्याला कोणीं बोलाविलें आणि तो कोणासमोर बोलत आहे, हें न पाहतां त्याचा जबाब ग्राह्य धरणें न्यायालयांत चालत नाहीं. तें इतिहासांतही चालूं नये. या गोष्टीचें उत्तम उदाहरण फ्रान्सच्या वाङ्मयेतिहासांत घडलेलें आहे.

रूसोचा ‘सामाजिक करार’ हा ग्रंथ १७६२ सालीं प्रसिद्ध झाला आणि १७८९ सालीं फ्रेंच राज्यक्रांतीस आरंभ झाला. पहिल्या गोष्टीमुळें दुसरी घडली, असें क्रांतीचे स्तुतिपाठक व निंदक दोघेही मानीत आले होते. दानिएल मोर्ने या फ्रेंच पंडितानें १९१० सालीं हें मत कसोटीला लाविलें. त्या काळीं एखादा सधन गृहस्थ निवर्तला म्हणजे त्याचा ग्रंथसंग्रह पुष्कळदां लिलावांत निघे व त्यासाठीं सूची छापली जाई. १७५० ते १७८० या काळांतील अशा ५०० सूची मोर्नेनें धुंडाळल्या व सुमारें २०,००० पुस्तकांच्या नोंदी तपासल्या. त्यांत ‘सामाजिक करारा’च्या प्रती किती आढळाव्या? अवघी एक!

हा आंकडा धक्का देणारा होता. ज्या ग्रंथानें सिंहासन उलथलें असें म्हणत, तो कोणाच्या कपाटांतच नव्हता, असा याचा सरळ अर्थ दिसतो. परंतु सूचीची उलटतपासणी सुरू होतांच हा अर्थ डळमळूं लागतो. लिलावाच्या सूची छापण्यापूर्वीं सरकारी परीक्षकाच्या नजरेखालून जात, आणि निषिद्ध ग्रंथांचीं नांवें त्यांतून गळत. रूसोचा ग्रंथ निषिद्धच होता. शिवाय ज्यांचे संग्रह लिलावास निघत ते बहुधा सुखवस्तु लोक. ज्याच्याजवळ दहा-पांच पुस्तकें, त्याची सूची कोण छापणार? आणि त्याच ग्रंथाचा सारांश रूसोनें ‘एमील’च्या शेवटच्या भागांत दिलेला असल्यामुळें, मूळ ग्रंथ हातीं न धरतांही त्यांतील विचार वाचकापर्यंत पोंचणें शक्य होतें.

मग निषिद्ध ग्रंथांची साक्ष काढावी तरी कोठून? रॉबर्ट डार्न्टन या अमेरिकन इतिहासकारानें ती एका व्यापाऱ्याच्या दप्तरांतून काढिली. स्वित्झर्लंडांतील नशातेल येथें १७६९ सालीं स्थापन झालेली एक मुद्रणसंस्था फ्रान्समध्यें चोरट्या वाटेनें पुस्तकें पाठवीत असे. तिचीं सुमारें ५०,००० पत्रें सुदैवानें राहिलीं आहेत. फ्रेंच पुस्तकविक्रेत्यांनीं कोणतीं पुस्तकें किती मागविलीं, हें त्यांवरून कळतें. डार्न्टन यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत निषिद्ध पुस्तकांच्या मागणीची जी यादी आहे, तींत अग्रस्थानीं मर्सिए याची ‘सन २४४०’ ही भविष्यकथा आहे, आणि तिच्या पाठोपाठ राजाच्या रखेलीचें निंदाप्रचुर चरित्र आहे! रूसोच्या समग्र ग्रंथांनाही मागणी होती; ‘सामाजिक करार’ मात्र याही यादींत अग्रभागीं नाहीं. म्हणजे मोर्नेचा आंकडा खोटा नव्हता. तो कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे, एवढेंच नीट ओळखावयास हवें होतें.

आतां हीच कसोटी आपल्याकडील साधनांना लावून पाहूं. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची ‘मराठी ग्रंथसूचि’ १९४३ सालीं प्रसिद्ध झाली. अभ्यासकांवर तिचे उपकार अनंत आहेत. पण काय छापलें गेलें हें ती सांगते, काय वाचलें गेलें हें नव्हे. १८६७ च्या कायद्यान्वयें सरकार पुस्तकांच्या ज्या त्रैमासिक याद्या करवीत असे, त्यांत प्रतींची संख्याही मिळते. परंतु त्या याद्या राज्यकर्त्यांच्या सोयीसाठीं झाल्या होत्या, आणि छापलेली प्रत म्हणजे वाचलेली प्रत नव्हे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः घरोघरीं गेली. ते वाचक ग्रंथालयाच्या कोणत्या सूचींत सांपडणार? ‘हरिविजया’ची एक पोथी चातुर्मासांत ओसरीवर वाचली जाई, तेव्हां वाचणारा एक आणि ऐकणारे वीस. वाचनालयाचा सभासद घरचा कर्ता पुरुष असे. पण त्याच्या नांवावर आलेली कादंबरी दुपारीं माजघरांत कोण वाची, हें कारकुनाच्या वहींत उतरलें नाहीं. आणि सरकारजमा झालेलीं पुस्तकें? सावरकरांचें मॅझिनीचें मराठी चरित्र १९०७ सालीं निघालें व पुढें जप्त झालें. वाचनालयाच्या सूचींत तें नाहीं, म्हणून तें कोणीं वाचलेंच नाहीं, असें म्हणण्यास कोण धजेल?

तर मग प्रबंध लिहूंच नये कीं काय? तसें नाहीं. मोजणी करावी, कसून करावी. परंतु सूचीशेजारीं देवघेवीच्या वह्या, दाखल-नोंदवह्या, वार्षिक अहवाल, वर्गणीचे हिशेब आणि पुस्तकविक्रेत्यांचीं पत्रें मांडावीं, व एकाच्या जबाबाला दुसऱ्याची पुष्टि मिळते कीं नाहीं तें पाहावें. आपली साधनें काय सांगूं शकत नाहींत, याची कबुली प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणांतच द्यावी. तिनें प्रबंध उणा होत नाहीं.

येथें ग्रंथालयांच्या चालकांसही एक विनंति करावीशी वाटते. छापील सूची आपण जपतां, कारण ती नीटनेटकी व भारदस्त दिसते. देवघेवीच्या मळक्या वह्या मात्र जागा अडवितात म्हणून रद्दींत जातात. सूचींत आपण काय जमविलें हें आहे. वाचकानें त्यांतून काय उचलून घरीं नेलें, हें त्या वह्यांत आहे. नशातेलच्या पेढीचें दप्तर कोणीं रद्दींत घातलें असतें, तर रूसोच्या वाचकांविषयीं मोर्नेच्या एका आंकड्यावरच आपणांस विसंबून राहावें लागलें असतें. आपल्या आजोबा-आजींनीं काय वाचलें हें त्यांच्या नातवंडांस जाणून घ्यावयाचें असेल, तर त्या वह्यांना एक कोरडें कपाट द्यावें.