चार बेंड पाइप, एक सायलेन्सर

होंडा सीबी ७५० कारखान्यातून निघायची ती चार सायलेन्सर घेऊन. उजवीकडे दोन, डावीकडे दोन, चारही क्रोमचे. आज विकायला निघालेली एखादी जुनी सीबी पाहायला जा. पुष्कळदा चारही बेंड पाइप, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या वळलेल्या नळ्या, इंजिनाच्या खाली एकत्र येतात आणि उजव्या अंगाने एकच सायलेन्सर मागे जातो. बाकीचे तीन कुठे गेले याची कथा गाडीच्या जन्मापासूनच सुरू होते.

१९६८ च्या ऑक्टोबरात टोकियोच्या मोटर शोमध्ये ही गाडी लोकांनी पहिल्यांदा पाहिली. तिचे प्रकल्पप्रमुख योशिरो हाराडा. हार्लेच्या १३०० सीसी गाडीची ताकद ६६ अश्वशक्ती होती, म्हणून यांनी ६७ चं लक्ष्य ठेवलं. ७३६ सीसी, चार सिलिंडर, सेल्फ स्टार्ट, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, आणि अमेरिकेत किंमत १,४९५ डॉलर. वर्षाला १,५०० गाड्या खपतील असा कंपनीचा अंदाज होता; तेवढी मागणी महिन्याला येऊ लागली. चार सिलिंडरला चार सायलेन्सर देण्यात अभियांत्रिकी होती तशी ऐटही होती, असं मला वाटतं. ओव्हरटेक होऊन मागे पडलेल्या माणसाला आपल्या पुढे काय गेलं ते कळलं पाहिजे!

पण वेगाने वळण घेणाऱ्याला ही ऐट जड पडे. चार सायलेन्सर म्हणजे कित्येक किलो लोखंड, आणि गाडी कलंडली की खालचे दोन रस्त्याला घासणार. इंजिन दणकट होतं, चेसिस त्या तोडीची नव्हती. इटलीत मासिमो ताम्बुरिनी १९७२ साली मिसानोच्या ट्रॅकवर सीबी ७५० वरून पडले. मग त्यांनी त्याच इंजिनासाठी स्वतः चेसिस बांधली, आणि त्यातून त्यांच्या बिमोटा कंपनीची पहिली मोटरसायकल जन्मली. ती वाट थोड्यांनाच परवडणारी. सायलेन्सरची वाट मात्र सगळ्यांना मोकळी होती, आणि ती दाखवली हिदेओ योशिमुरा यांनी.

योशिमुरा १९२२ चे, फुकुओकाचे. लढाऊ वैमानिक व्हायचं म्हणून पोरवयात नौदलाच्या प्रशिक्षणात गेले. तिथे पॅराशूटच्या अपघातात जखमी झाले आणि ते स्वप्न संपलं. पुढे त्यांनी विमानाचं इंजिन सांभाळण्याचं काम केलं. युद्धानंतर फुकुओकाजवळच्या इताझुके हवाई तळावरचे अमेरिकन सैनिक मोकळ्या वेळात शर्यती लावत आणि आपल्या गाड्या तयार करायला या माणसाकडे आणत. हरलेल्या देशाचा मेकॅनिक आणि जिंकलेल्या देशाचे सैनिक एकाच इंजिनावर वाकलेले असत. हे सैनिक योशिमुरांना ‘पॉप्स’ म्हणू लागले, आणि हेच नाव जगभर झालं.

१९७१ साली कॅलिफोर्नियातल्या ओंटारिओ ट्रॅकवर त्यांनी तयार केलेली सीबी ७५० उतरली, ती चारांचा एक सायलेन्सर घेऊन. बेत वजन कमी करण्याचा होता, पण ताकदही वाढली. कारण असं: जळका वायू बेंड पाइपमधून धक्क्याने निघतो. चार पाइप एकत्र येतात तिथे त्याला अचानक जागा मिळते, आणि कमी दाबाची एक लाट उलट सिलिंडरकडे जाते. पाइपची लांबी नेमकी असेल तर ती लाट व्हॉल्व्ह मिटायच्या आत पोहोचते, उरलेला धूर ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत खेचते. शिवाय चार सिलिंडर पाळीपाळीने पेटतात, त्यामुळे एकाचा झोत दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

योशिमुराचे पाइप हाताने वाकवलेले असत. सरळ नळीत वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, ज्योतीने लाल होईपर्यंत तापवायची आणि हळूहळू वाकवत न्यायची. आत वाळू असल्यामुळे वळणावर नळी चेपत नाही. वळण थांबत थांबत घ्यावं लागतं, एका दमात होत नाही. म्हणून ते पाइप नीट पाहिले तर वळणांवर हाताच्या कामाचा किंचित चढउतार दिसतो. मला हे पाइप मशीनवरच्या पाइपांपेक्षा देखणे वाटतात.

हा सायलेन्सर गल्लोगल्ली गेला तो मात्र गंजामुळे. इंजिन थंड झालं की सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. चार नवे सायलेन्सर घेण्यापेक्षा चारांचा एक कितीतरी स्वस्त पडे. जुने चार भंगारात गेले. १९७५ च्या सुमारास होंडाने स्वतःच सीबी ७५० एफ आणि सीबी ४०० एफ या गाड्या एकाच सायलेन्सरसह बाजारात आणल्या. कावासाकीची १९८२ ची, शर्यतपटू एडी लॉसनच्या नावाची रेप्लिका तर कर्कर कंपनीचा सायलेन्सर लावूनच शोरूममध्ये आली. गिऱ्हाइकाने केलेला बदल कंपनीने मानला, आणि तोही दहा-बारा वर्षांच्या आत.

विकत घेणाऱ्याने या कथेतून दोन गोष्टी तपासाव्यात. सायलेन्सर बदलला पण कार्बोरेटरचे जेट तेच ठेवले, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. चारही प्लग काढून बघा: पांढरे पडले असतील तर इंजिन तापत आलेलं आहे, फिकट तपकिरी असतील तर काम जाणत्याने केलंय. दुसरं, या इंजिनाचा ऑइल फिल्टर पुढच्या बाजूला, बेंड पाइपांच्या मधोमध असतो. काही सायलेन्सरांचे पाइप त्याच्यासमोरच एकत्र येतात. मग साधा फिल्टर बदलायला सगळे पाइप उतरवावे लागतात, आणि आळशी मालक ते काम टाळतो. काळंकुट्ट तेल दिसलं की कारण तिथे शोधा.

आणि भाव ठरवण्याआधी मालकाला विचारा, मूळचे चार सायलेन्सर माळ्यावर ठेवलेत का. कारखान्याचे जुने, न गंजलेले चार आज इतके दुर्मिळ झालेत की ते मिळत असतील तर गाडीचे दोन पैसे जास्त मोजावेत.