कार्यालयाच्या फोनचा कारभार कोणाच्या हाती?

छोट्या कार्यालयासाठी इंटरनेटवर चालणारी फोनव्यवस्था घ्यायची ठरली की चर्चा सोयींच्या यादीपासून सुरू होते. एक्स्टेन्शन किती, कॉल रेकॉर्ड होतात का, मोबाइलवर ॲप चालते का. ही यादी महत्त्वाची खरी, पण आज ती बहुतेक विक्रेत्यांची सारखीच असते, त्यामुळे तिच्यावरून निवड होत नाही. या व्यवसायाचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास वेगळी कसोटी सुचवतो. कारभार पाहणारे सॉफ्टवेअर उद्या बंद पडले किंवा दुसऱ्या कंपनीने विकत घेतले, तर आपले नंबर, आपली मांडणी आणि आपली रेकॉर्डिंग घेऊन आपल्याला बाहेर पडता येईल का?

जुन्या ईपीएबीएक्सच्या, म्हणजे कार्यालयातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजच्या काळात हा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. भारतात १९८४मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने १२८ पोर्टांचे असे एक्स्चेंज (पीबीएक्स) देशातच घडवले, परवाने घेऊन इतर कारखान्यांनी ते बनवले आणि कार्यालयांत इंटरकॉम रुळला. पण यंत्र आणि त्याचा कारभार एकाच बंद पेटीत असे. एक्स्टेन्शनचा क्रमांक बदलायचा तर ठरावीक फोनवरून सांकेतिक आकडे दाबावे लागत; ते माहीत असलेला माणूस विक्रेत्याचा, म्हणून वार्षिक देखभालीचा करारही त्याच्याशीच. ही गाठ १९९९मध्ये सुटू लागली. अमेरिकेतील अलाबामात शिकत असतानाच लिनक्सची मदतसेवा चालवणाऱ्या मार्क स्पेन्सरला तयार पीबीएक्सची किंमत परवडेना. त्याने साध्या संगणकावर चालणारे ॲस्टरिस्क लिहिले आणि त्याचा कोड खुला केला. त्याच वर्षी फोन जोडण्या-तोडण्याचा ‘सिप’ हा खुला संकेत प्रसिद्ध झाला; २००२मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. आता फोन एका कंपनीचा, एक्स्चेंज दुसरीचे आणि बाहेरची लाइन तिसरीची, असे चालू शकत होते.

अडचण एवढीच, की ॲस्टरिस्कला चेहरा नव्हता. सगळी मांडणी मजकुराच्या फाइलींत. १०१ नंबर वाजवा, वीस सेकंद थांबा, कोणी उचलला नाही तर व्हॉइसमेलला द्या, अशी एकेक पायरी एकेका ओळीत लिहायची. ही दरी भरायला २००४मध्ये ब्राउझरमधून चालणारे ॲस्टरिस्क मॅनेजमेंट पोर्टल आले. ‘ॲस्टरिस्क’ हे नाव व्यापारचिन्ह असल्याने २००६मध्ये त्याचे फ्रीपीबीएक्स झाले. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पडद्यावर भरलेली माहिती आधी डेटाबेसमध्ये जाते. बदल लागू करण्याचे लाल बटण दाबले की त्यातून ॲस्टरिस्कच्या फाइली नव्याने लिहिल्या जातात. या फाइलींच्या माथ्यावरच ‘हाताने बदलू नका’ अशी ताकीद असते. ती न जुमानणाऱ्याचे बदल पुढच्या वेळी पुसले जातात. स्वतःच्या ओळींसाठी वेगळी ‘कस्टम’ फाइल असते. म्हणजे फोन जोडणारा वेगळा आणि हिशेब ठेवणारा वेगळा, ही फारकत इथे रचनेतच आहे.

या फारकतीचे आणि खुल्या कोडचे मोल पुढच्या घडामोडींत कळले. ट्रिक्सबॉक्स हा ॲस्टरिस्कवर आधारलेला लोकप्रिय संच. त्याची मोफत आवृत्ती २०१२मध्ये थांबली. इक्वेडोरमध्ये तयार झालेला तसाच संच इलॅस्टिक्स २०१६च्या अखेरीस थ्रीसीएक्स या कंपनीच्या बंद प्रणालीवर गेला. पण जुना कोड खुला असल्याने त्यातून इसाबेल हा नवा प्रकल्प निघाला आणि वापरणाऱ्यांना वाट मिळाली. फ्रीपीबीएक्स २०१५मध्ये संगोमा या कंपनीकडे गेले, ॲस्टरिस्कची कंपनी डिजियम २०१८मध्ये त्याच घरात आली. २०२४मध्ये सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचा आधार संपला, तेव्हा फ्रीपीबीएक्सची सतरावी आवृत्ती डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर नेण्यात आली. मालक बदलले, पाया बदलला, तरी कोड आणि डेटा हाती असलेल्यांची कार्यालये बोलत राहिली.

यावर पहिला आक्षेप असा, की दहा माणसांच्या कार्यालयात लिनक्स जाणणारा कोण असतो? मासिक भाड्याची क्लाउड सेवा घ्यावी आणि मोकळे व्हावे. हे बरेचदा योग्यच आहे. पण कसोटी तिथेही तीच लागते : नंबर कोणाच्या नावावर आहे, रेकॉर्डिंग उतरवून घेता येते का, दिलेले फोन दुसऱ्या सेवेवर चालतील का. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, की पैसे मोजलेले सॉफ्टवेअर अधिक भरवशाचे. पण मार्च २०२३मध्ये थ्रीसीएक्सच्या डेस्कटॉप ॲपमध्येच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता. ऑगस्ट २०२५मध्ये फ्रीपीबीएक्समधील गंभीर त्रुटीचा फायदा घेऊन इंटरनेटला उघडी असलेली नियंत्रण-पाने फोडली गेली. एक विकतचे, दुसरे खुले. किमतीने दोन्हींपैकी कोणालाच वाचवले नाही. नियंत्रणाचे पान बाहेरून बंद ठेवणे आणि अपडेट कोण करणार हे आधी ठरवणे, यानेच फरक पडतो. तिसरा मुद्दा कायद्याचा. इंटरनेट टेलिफोनीचा मार्ग भारतात २०१८मध्ये मोकळा झाला, तो परवानाधारक कंपन्यांसाठी. बाहेरचा नंबर आणि लाइन त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. कोणतेही सॉफ्टवेअर ही अट टाळून देत नाही.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी विक्रेत्याकडे एकच प्रात्यक्षिक मागावे. चालू व्यवस्थेचा बॅकअप घ्यायचा, तो आपल्यासमोर दुसऱ्या संगणकावर चढवायचा आणि त्यावरून एक एक्स्टेन्शन वाजवून दाखवायचे. सेवा क्लाउडवरची असेल, तर नंबर, मांडणी आणि रेकॉर्डिंग परत कशी मिळतील ते लेखी घ्यावे. जो याला तयार होत नाही, त्याची सोयींची यादी कितीही लांब असली तरी त्याच्याकडून घेऊ नये.