मथुरेत मागे राहिलेला नऊ वर्षांचा मुलगा

मंडळी, आग्र्याहून सुटका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिठाईचे पेटारे येतात. आज ते बाजूला ठेवू. त्या सुटकेत आणखी एक जण होता, नऊ वर्षांचं पोर, त्याच्याकडे बघू. इथे पिंपळे सौदागरात एवढ्या वयाच्या मुलाला सोसायटीच्या गेटबाहेर एकटं पाठवायला आपण धजत नाही, आणि त्यात वावगं काही नाही. म्हणूनच ही गोष्ट आपल्याला वेगळी ऐकू यायला हवी.

संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ चा, पुरंदरावरचा. सईबाई १६५९ मध्ये वारल्या. कापूरहोळच्या धाराऊंनी दूध पाजलं, जिजाऊंनी वाढवलं. आई नव्हती, पण मायेला तोटा नव्हता. हे बालपण जून १६६५ मध्ये संपलं. पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, हे आपण शाळेत पाठ केलं. त्याच तहात मुलाच्या नावे पाच हजारांची मनसब ठरली आणि आठ वर्षांचा हा मुलगा मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत ओलीस गेला, हे मात्र सहसा कुणाला आठवत नाही.

पुढच्या वर्षी आग्रा. १२ मे १६६६ च्या दरबारानंतर महाराज पुन्हा दरबारात गेले नाहीत. जायचा तो मुलगा, रामसिंगाबरोबर. बाप पहाऱ्यात आणि पोरगा बादशहासमोर! रामसिंगाच्या पदरी असलेल्या परकालदासाची राजस्थानी पत्रं आज छापील मिळतात. त्यांत या मुलाच्या देखणेपणाचं, गोऱ्या रंगाचं कौतुक आहे. वाचताना बरं वाटतं, पण जरा थांबून विचार करा. दरबारात रोज दिसणारा, नजरेत भरणारा मुलगा सोबत घेऊन पळायचं कसं?

१७ ऑगस्टला दोघे निसटले आणि मथुरेला पोचले. तिथे महाराजांनी मुलाला मागे ठेवलं. हा निर्णय कठोर वाटतो, पण हिशेब सरळ होता. शोध घेणारे एका माणसाला आणि त्याच्याबरोबरच्या नऊ वर्षांच्या मुलाला हुडकणार. जोडी फोडली की खूणच पुसली. शिवाय दिवसाकाठी जेवढी मजल बाप मारेल तेवढी पोराला झेपणार नव्हती, आणि राजगड हजार किलोमीटरहून दूर.

ठेवलं कुणाकडे? सभासद बखरीप्रमाणे मोरोपंत पिंगळ्यांच्या मेहुण्यांकडे: कृष्णाजी, काशीपंत आणि विसाजी. खाफीखान मात्र अलाहाबाद आणि कवी कलशाचं नाव घेतो. आम्हाला मथुरेची हकिकत जास्त पटते. परमुलखात असं पोर ठेवायचं तर नात्यातलं, मराठी बोलणारं घरच शोधणार ना! इकडे राजगडावर पोचल्यावर महाराजांनी मुलगा वाटेत वारल्याची वार्ता उठवली, असं सांगतात. मेलेल्याचा पाठलाग कोण करणार?

मग तो मुलगा ब्राह्मणाच्या वेषात दक्षिणेला निघाला. धोतर, जानवं, आणि नातं भाच्याचं. वाटेत एका मोगल अधिकाऱ्याला संशय आला, तेव्हा ब्राह्मण त्याच्याबरोबर एका ताटात जेवला, अशी कथा आहे. कथा म्हणूनच घ्या, पण ती नेमकं काय सांगते ते बघा. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर एका ताटात बसणं म्हणजे जातीवर पाणी सोडणं. ज्यांनी मुलाला पोचवलं त्यांनी जीव तर पणाला लावलाच, वर हेही. आणि त्या मुलाला? नाव विसरायचं, बोलणं बदलायचं, कुणी 'राजे' म्हटलं तर वळून बघायचं नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हे सगळं एका दिवसात नव्हे, मजल दरमजल निभवावं लागलं.

तो सुखरूप पोचला. कृष्णाजीपंतांच्या घराण्याला 'विश्वासराव' हा किताब मिळाला.

पुढे १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले, त्याचं मूळ काही जण या बालपणात शोधतात. एवढी घाई आम्ही करणार नाही. पण एक गोष्ट विसरू नका. राजगडावर परतून पुरतं वर्षही झालं नव्हतं, नव्याने तह झाला, आणि नोव्हेंबर १६६७ मध्ये शहाजादा मुअज्जमच्या भेटीला औरंगाबादेला पुन्हा हाच मुलगा गेला. तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आणि या वेळी बरोबर प्रतापराव गुजर होते.