बागतळे : भूजलापासून संरक्षण

बागेतील अस्तर घातलेल्या तळ्याभोवती भूजल चढले की अस्तर फुगून वर येते किंवा काँक्रीटच्या तळाला भेगा पडतात. हे टाळण्यासाठी जागेची निवड, तळाखालचा निचरा आणि तळ्यातील पाण्याची पातळी या तिन्हींकडे लक्ष द्यावे लागते.

कारणे : भूजलाची पातळी तळ्यातील पाण्याच्या वर गेली की अस्तर खालून उचलले जाते. पातळ्यांत 1 मी. फरक पडला, तर दर चौ. मीटरला सुमारे 1,000 किग्रॅ. भाराइतका दाब येतो. 500 मायक्रॉन जाडीच्या एचडीपीई अस्तराचे वजन मात्र चौ. मीटरला जेमतेम अर्धा किग्रॅ. भरते. तळे रिकामे असताना 15 सेंमी. जाडीचा काँक्रीटचा तळ स्वतःच्या वजनावर सुमारे 36 सेंमी. उंचीचेच भूजल तोलून धरतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती : दख्खनच्या पठारावर मुरमाखाली कठीण कातळ असतो. मुरलेले पाणी त्यावर अडते आणि उताराने सखल बागांकडे झिरपते. झिजलेल्या बेसाल्टमध्ये भूजलाला मिळणारी जागा आकारमानाच्या साधारण 2 टक्के असते. त्यामुळे 2 सेंमी. पाणी मुरले तरी भूजल 1 मी. चढू शकते. तेवढ्याच पावसाने तळे मात्र 2 सेंमी.च भरते. धोका उद्भवतो तो या तफावतीतून. कालव्याच्या लाभक्षेत्रात सिंचनामुळे तो पावसाळ्यानंतरही टिकतो.

संरक्षण : खोदाईपूर्वी श्रावण-भाद्रपदात शेजारच्या विहिरीची पातळी पाहावी किंवा चाचणी खड्डा घ्यावा. पाणी उथळ लागल्यास तळे कमी खोल खणून काठ बांधाने उंच करावेत. तळाखाली चर घेऊन त्यांत खडी व जिओटेक्स्टाइलमध्ये गुंडाळलेली सच्छिद्र पीव्हीसी नळी घालावी. तिला मीटरमागे 1 सेंमी. उतार देऊन तोंड सखल जागी काढावे. तशी जागा नसेल, तर नळी खड्ड्यात सोडून तेथून पंपाने उपसा करावा. छपराचे व वरच्या उताराचे पाणी चराने दूर वळवावे. गाळ काढणे, दुरुस्ती ही कामे भूजल खोल गेलेल्या चैत्र-वैशाखात उरकावीत आणि पावसाळ्यापूर्वी तळे भरून ठेवावे.

अस्तर फुगल्यास : शेजारी खड्डा घेऊन पातळी पाहावी. खड्ड्यातील पाणी तळ्यापेक्षा खाली असेल, तर फुगवटा बहुधा अस्तराखाली कुजणाऱ्या पालापाचोळ्याच्या वायूचा असतो. ते वर असेल, तर खड्ड्यातून उपसा करून भूजल उतरवावे; अस्तर हळूहळू बसते. दुरुस्तीच्या घाईत तळे उपसणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण अस्तराला खाली दाबून धरणारा मुख्य भार तळ्यातील पाण्याचाच असतो.