मानमोडीची साथ आणि शेजारधर्म

घरात तापाचा रोगी पडला म्हणजे कर्त्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो हा की, बाकीच्या माणसांना आता वाचवावे कसे? सन १९१८ मध्ये हा प्रश्न महाराष्ट्रातील असंख्य घरांपुढे एकाच वेळी उभा राहिला. सरकारी कागदपत्रांत त्या साथीला इन्फ्ल्युएन्झा म्हणत. आपल्या लोकांनी तिला मानमोडी म्हटले. दुखण्याचे वर्णन त्या नावातच आले. त्या वर्षी घरे कशाने बुडाली आणि कशाने वाचली, याचा आज आपण विचार करू.

पहिले महायुद्ध चालू होते आणि मुंबई बंदरात सैन्याची ये-जा अखंड होती. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. हा ताप हिवतापाचा नव्हता. मेअखेर बंदरात आलेल्या एका जहाजावरून रोग शहरात उतरला, असे मुंबई म्युनिसिपालिटीचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचे मत होते. ही पहिली लाट त्या मानाने सौम्य निघाली आणि लोक सावरले. परंतु सप्टेंबरात रोग उलटला, तो काळाचे रूप घेऊन. ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आगगाडीच्या रस्त्याने साथ देशभर गेली. हिंदुस्थानात किती माणसे दगावली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्याही वर जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, हे जनगणनेवरून दिसते. तसे पुढे कोणत्याही दशकात घडले नाही.

साथ म्हणजे काय, हे त्या पिढीला ठाऊक नव्हते असे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला होता. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरे तपासली, माणसे ओढून नेली, आणि २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वांस परिचित आहे. त्या प्लेगने लोकांना एक गोष्ट शिकवली होती : उंदीर पडू लागले की घर सोडावे आणि गावाबाहेर रानात झोपडी घालून राहावे. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, म्हणून हा उपाय बरोबर होता. मानमोडीत मात्र तोच धडा उलटा पडला. हा रोग माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून जातो आणि ताप दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो दुसऱ्याला लागू शकतो. शहरातून धडधाकट दिसणारा माणूस गावी निघाला, तरी रोग त्याच्याबरोबर गाडीत बसलेला असू शकत होता. पळून जाण्याचा मार्ग असा बंद झाला.

सरकारनेही प्लेगवरून धडा घेतला होता. या वेळी शिपाई कोणाच्या घरात शिरले नाहीत. ते बरेच झाले. परंतु मदतीचा हातही फारसा आला नाही. कित्येक डॉक्टर युद्धावर गेलेले होते. औषध तर कोणापाशीच नव्हते. माणसाला होणाऱ्या इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू १९३३ साली सापडला, आणि मागाहून होणाऱ्या फुप्फुसदाहावर चालणारे पेनिसिलिन त्याहूनही उशिरा हाती आले. घर आणि रोग यांची अशी समोरासमोर गाठ पडली.

मग माणसे वाचली ती कशाने? अंथरुणावर पडून राहणे, वेळच्या वेळी पाणी आणि पेज पोटात जाणे, मोकळी हवा मिळणे आणि ताप उतरला म्हणून लगेच कामाला न उठणे, एवढेच उपाय होते. ऐकायला ते किती क्षुल्लक वाटतात! पण त्यांतील प्रत्येकासाठी घरात एक तरी माणूस उभा असावा लागतो. मानमोडीने नेमके तेच हिरावून घेतले. इतर साथींत मुले आणि म्हातारी माणसे आधी जातात. या साथीत वीस ते चाळीस वर्षांची, म्हणजे पाणी भरणारी, चूल पेटवणारी आणि मजुरी आणणारी माणसे अधिक गेली. आपल्याकडे पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त दगावल्या. ज्या घरात बाई तापात असतानाही सर्वांच्या उशाशी बसत होती, त्या घरात तिच्या उशाशी कोण बसणार होते?

मोकळ्या हवेत झोपा, असा उपदेश तेव्हा केला जाई. उपदेश चुकीचा नव्हता. पण मुंबईची बहुसंख्य वस्ती एकेका खोलीत राहत होती. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि धान्य महागले. याचा परिणाम मुंबईच्या आकड्यांत स्वच्छ दिसतो. युरोपियनांत या साथीचे मृत्यू हजारी ८.३ होते, पारशांत ९. आणि ज्यांना सरकारी तक्ते ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणत, त्यांच्यात हजारी ६१.६. विषाणू जात विचारीत नाही. पण खोली किती मोठी आहे, डब्यात धान्य आहे की नाही आणि आजाऱ्याची रजा कोण देतो, या गोष्टी त्या काळी जातच ठरवीत होती.

या काळोखात एक दिवा मात्र दिसतो. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेली सोशल सर्व्हिस लीग आणि तिच्यासारख्या इतर संस्था पुढे सरसावल्या. स्वयंसेवक वस्त्यावस्त्यांतून औषध, दूध आणि कपडे घेऊन फिरले. सुशिक्षित लोक गोरगरिबांच्या मदतीला इतक्या मोठ्या संख्येने पूर्वी कधी आले नव्हते, असा अभिप्राय हिंदुस्थान सरकारचे आरोग्य-आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी आपल्या अहवालात नोंदवला. रोगावरचा उपाय या स्वयंसेवकांपाशीही नव्हता. ज्या घरात कोणी उभे राहू शकत नव्हते, तेथे ते उभे राहिले, एवढेच.

त्यानंतर १९५७ साली आणि १९६८ साली फ्लू नवे रूप घेऊन आला. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, तेव्हा रस्त्यारस्त्यांवर तोंडाला रुमाल बांधलेली माणसे दिसू लागली. २०२० चा करोना हा वेगळ्या जातीचा विषाणू. पण घराची कोंडी तीच होती. आज आपल्या हाती पुष्कळ आहे. दरवर्षी घेता येणारी लस आहे, लवकर सुरू केल्यास उपयोगी पडणारी औषधे आहेत. रोग्याला जमल्यास वेगळी खोली द्यावी, खिडक्या उघड्या ठेवाव्या, तोंडावर मुखपट्टी असावी, हात साबणाने धुवावेत, हे आता शाळकरी मुलेही जाणतात. धाप लागली, रोगी गुंगीत जाऊ लागला किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर घरी थांबू नये, डॉक्टर गाठावा.

परंतु १९१८ सालाने शिकवलेली गोष्ट या यादीच्याही आधी येते. दार लावून घेतल्याने रोग काही काळ बाहेर राहतो. पण तो आत आलाच आणि सगळे घर एकदम पडले, तर त्या बंद दाराचाच घात होतो. म्हणून साथ येण्यापूर्वीच शेजाऱ्यांनी आपसांत ठरवून ठेवावे : आमच्या घरी सगळे आडवे झाले तर दाराशी पेज कोण ठेवील, आणि तुमच्या घरी झाले तर आम्ही काय करू. वाड्यात एकट्या राहणाऱ्या आजी कोण, घरकामाला येणाऱ्या बाईंच्या घरी करणारे कोण, याचीही आठवण त्यातच ठेवावी. त्या बाईंना तापात पगारी रजा देणे हे दयेचे काम नव्हे. तेही आपल्या घराचे रक्षणच आहे.

आपल्या आजा-पणज्यांना ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन कळली. आपल्याला ती फुकट मिळाली आहे. तिचा उपयोग करणे मात्र आपल्याच हाती आहे.