इंग्रज व अमेरिकन : लोकस्वभावविषयक समज (करवीर प्रांत)

इंग्रज व अमेरिकन या एकच भाषा बोलणाऱ्या दोन राष्ट्रांच्या लोकांविषयी, आणि विशेषतः त्या दोघांमधील भेदाविषयी, मराठी माणसाच्या मनात गेल्या दोन शतकांत जे समज रूढ झाले, त्यांचा परामर्श या नोंदीत कोल्हापूर (करवीर) संस्थान व त्याचा परिसर यांच्या संदर्भात घेतला आहे. इंग्रज अबोल, काटेकोर, रीतिरिवाजाला जपणारा, हवापाण्यापलीकडे सहसा न बोलणारा आणि परक्याला दिवाणखान्याच्या उंबऱ्याशीच थांबविणारा. अमेरिकन मोकळा, मोठ्याने बोलणारा, पहिल्याच भेटीत नावाने हाक मारणारा, सढळ हाताचा आणि आपल्या देशाची थोरवी सांगताना संकोच न बाळगणारा, अशी ही दोन चित्रे आहेत. ती सर्वस्वी निराधार नाहीत. परंतु ज्याला आपण लोकस्वभाव म्हणतो त्यातील मोठा भाग वस्तुतः अधिकाराच्या नात्यातून उपजलेला असतो, ही गोष्ट करवीरच्या इतिहासात जितकी स्वच्छ दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल. कारण येथे इंग्रज आला तो हुकूमत घेऊन, आणि अमेरिकन आला तो हुकमतीवाचून.

या दोन समाजांनी एकमेकांविषयी बाळगलेले ग्रह जुने आहेत. १७७६ साली वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केल्यावर मायदेशाच्या लोकांनी अमेरिकनास उद्धट व धनलोभी ठरविले, आणि अमेरिकनांनी इंग्रजास वंशाभिमानी व ताठर. फ्रान्सिस ट्रोलप या बाईंनी १८३२ साली अमेरिकन गृहस्थितीवर लिहिलेल्या पुस्तकाने आणि १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या डिकन्सच्या प्रवासवर्णनाने हे ग्रह इंग्रजी वाचकाच्या मनात पक्के रुजविले. एकच भाषा बोलणारे दोन समाज परस्परांच्या बोलण्याच्या लकबीवरून परस्परांचा स्वभाव ठरवितात, हे कोल्हापुरात कोणास समजावून सांगावे लागत नाही. पुणेकराला तुसडा व हिशेबी म्हणणारा कोल्हापूरकर आणि कोल्हापूरकराला रांगडा म्हणणारा पुणेकर, हे दोघेही मराठीच बोलतात, आणि दोघांचाही आपल्या निरीक्षणावर पूर्ण विश्वास असतो.

महाराष्ट्रात या दोन राष्ट्रांचे लोक ठळकपणे समोरासमोर उभे राहिले ते १८१३ साली, मुंबईत. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, तेव्हा इंग्लंड व अमेरिका यांच्यामध्ये युद्ध चालू होते, आणि कंपनी सरकारने त्यांस परत धाडण्याचा हुकूम काढला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जविनवण्या करकरून त्यांनी आपला मुक्काम टिकविला, आणि पुढे अमेरिकन मराठी मिशन नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचा पाया घातला गेला. ‘साहेब’ तेवढा सगळा एक, असे मानणाऱ्या तत्कालीन मराठी माणसाने एका गोऱ्या मनुष्यास दुसऱ्या गोऱ्या मनुष्यापुढे अर्जदार म्हणून उभे राहिलेले पाहिले, ही घटना या विषयाच्या दृष्टीने मोठ्या मोलाची आहे. मिशनचे मुख्य ठाणे पुढे अहमदनगरास गेले. तेथून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघू लागला.

कोल्हापुरात इंग्रजी अंमल व अमेरिकन मिशनरी यांच्या आगमनात फार अंतर नाही. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर संस्थानचा कारभार कंपनीच्या राजकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेला. गडांचे तट पाडण्यात आले, आणि दत्तकाच्या मंजुरीपासून अल्पवयीन राजाच्या शिक्षणापर्यंत प्रत्येक बाबीत पोलिटिकल एजंटाचा शब्द अखेरचा ठरू लागला. त्यानंतर आठ वर्षांनी, १८५२ साली, अमेरिकेच्या व्हरमाँट प्रांतातील ब्रिडपोर्टचा रॉयल गूल्ड वाइल्डर हा मिशनरी कोल्हापुरास आला. त्याच्यापाशी ना फौज होती, ना शिक्का. त्याने शाळा काढल्या, बाजारात उपदेश केला, लोकांचा रोष सोसला, आणि स्वतःच्याच बोर्डाने कोल्हापूरचे ठाणे बंद केल्यावर स्वतंत्रपणे येथे परत येऊन १८७५ पर्यंत काम केले. त्याचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच १८६३ साली जन्मला, आणि पुढे अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या मोठ्या मिशनरी चळवळीचा एक प्रवर्तक झाला. वायल्डर मेमोरियल चर्च हे नाव शहरात अद्याप चालू आहे. इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाचे एस. पी. जी. मिशनही त्याच शतकात कोल्हापुरात आले; परंतु ते राज्यकर्त्यांच्या धर्माचे मिशन असल्यामुळे त्याच्याभोवती सरकारदरबाराचे वलय राहिले.

इंग्रजाविषयी कोल्हापूरच्या मनात जी कटुता बसली तिचे मूळ त्याच्या अबोलपणात शोधणे व्यर्थ होय. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांस वेडे ठरवून अहमदनगरास ठेवण्यात आले, आणि तेथे १८८३ च्या डिसेंबरात, त्यांच्या देखरेखीवर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, त्यांचा अंत झाला. महाराजांच्या छळाची हकीकत छापल्याबद्दल टिळक व आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते. ज्या अहमदनगरात छत्रपतींचा वंशज इंग्रजी पहाऱ्यात होता, त्याच अहमदनगरात अमेरिकन मिशनच्या शाळांत मराठी मुलेमुली धडे गिरवीत होती. एकाने बंदिवान केले, दुसऱ्याने शिकविले; मग एकास ताठर व दुसऱ्यास मायाळू म्हणण्यास लोकांस आणखी कोणता पुरावा लागणार?

तथापि हे चित्रही पुरते खरे नाही, आणि ते खोडून काढणारी साक्ष कोल्हापूरशीच निगडित आहे. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव हे टपाल खात्याच्या नोकरीत कोल्हापुरास असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत साहाय्य मिळावे म्हणून कोल्हापुरातील अमेरिकन मिशनऱ्यांकडे विनंती केली. ती वाइल्डरपर्यंत, म्हणजे तोवर अमेरिकेस परतलेल्या त्याच गृहस्थापर्यंत, पोहोचली. वाइल्डरने ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची गोष्ट पुढे केली आणि सर्व पत्रव्यवहार आपल्या मिशनरी मासिकात छापून टाकला. येथे मोकळ्या मनाचा म्हणून नावाजलेला अमेरिकन एका होतकरू मुलीस विद्येच्या बदल्यात धर्म मागताना दिसतो. परंतु तेच मासिक न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती, दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असता, पडले. आणि कधी न पाहिलेल्या त्या मराठी मुलीस त्यांनी पत्र लिहिले, पुढे १८८३ साली तिला आपल्या घरी लेकीप्रमाणे ठेवून घेतले, धर्माची कोणतीही अट न घालता. दोघेही अमेरिकनच. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची एम. डी. ही पदवी मिळविली, आणि कोल्हापूर दरबाराने त्यांस आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर नेमले. इंग्लंडच्या युवराजाचे नाव धारण करणाऱ्या, आज छत्रपती प्रमिलाराजे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, त्या रुग्णालयात रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्या वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, व त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, ठेवली गेली.

आनंदीबाईंच्या पदवीदानास उपस्थित असलेल्या पंडिता रमाबाई या दोन्ही देशांत दीर्घकाळ राहून त्यांची तुलना करण्यास समर्थ असलेल्या पहिल्या मराठी लेखिका होत. १८८३ पासून त्या इंग्लंडात वाँटेजच्या भगिनीसंघाच्या आश्रयास व नंतर चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात होत्या. तेथील धर्माधिकाऱ्यांनी, त्यांनी कोणास शिकवावे व कोणाच्या आज्ञेत राहावे, हे ठरविण्याचा हक्क गाजविला, आणि रमाबाईंनी तो मानला नाही. अमेरिकेत मात्र बोस्टन येथे १८८७ साली त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले, त्याने दहा वर्षांच्या खर्चाचा भार उचलला, आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईस शारदासदन उघडले. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात अमेरिकेचा मनःपूर्वक गौरव आहे, परंतु तेथील वर्णद्वेषाची व मूळच्या रहिवाशांवर झालेल्या अन्यायाची नोंदही आहे. गौरव आणि दोष एकाच पुस्तकात, एकाच प्रामाणिक लेखणीने मांडणारा असा ग्रंथ आपल्या प्रवासवाङ्मयात विरळा. प्रस्तुत नोंदकाराच्या मते या विषयावर मराठीत त्याहून प्रगल्भ असे काही अद्याप लिहिले गेलेले नाही. रमाबाईंपूर्वी जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सत्पुरुषांस, त्यांनी निग्रोंच्या दास्यमोचनासाठी केलेल्या त्यागाबद्दल, अर्पण केली होती. फुले शिकले स्कॉटिश मिशनच्या शाळेत आणि कृतज्ञता व्यक्त केली ती न पाहिलेल्या देशाविषयी.

कोल्हापुरातील राजारामपुरी ही वसाहत ज्यांच्या नावे वसली त्या राजाराम महाराजांचे (कारकीर्द १९२२–१९४०) शिक्षण या दोन्ही परंपरांचे दुवे एकत्र दाखविते. त्यांचे वडील शाहू महाराज यांस स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने शिकविले होते. शिक्षक म्हणून फ्रेझर कर्तव्यदक्ष व स्नेहशील होता, आणि शाहू महाराजांनी त्याच्याशी जन्मभर जिव्हाळा राखला. म्हणजे हुकमतीचे नाते बाजूस सरले की इंग्रजही मायाळू ठरत होता. राजाराम महाराज काही काळ इंग्लंडात हेंडनच्या शाळेत होते, आणि त्यानंतर अलाहाबादेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या इविंग ख्रिश्चन कॉलेजात. अशी सरमिसळ व्यक्तींतही आढळे. अलाहाबादेच्या शेतकी संस्थेचा संस्थापक सॅम हिगिनबॉटम हा जन्माने मँचेस्टरचा इंग्रज, शिक्षणाने व मिशनच्या नात्याने अमेरिकन. मिरजेचे डॉ. विल्यम वॉनलेस यांचेही तसेच: जन्म कॅनडात, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात, पाठवणी अमेरिकन बोर्डाची, १८९४ साली मिरजेत रुग्णालय, आणि १९२८ साली ‘सर’ किताब इंग्लंडच्या राजाकडून. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून बैलगाडीने व आगगाडीने मिरजेस जाणाऱ्या रुग्णाने त्यांस इंग्रज मानले काय आणि अमेरिकन मानले काय, त्याच्या लेखी ते वॉनलेस साहेब होते. याउलट वेंगुर्ल्याच्या मिशन रुग्णालयातील अमेरिकन डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मला, प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, आणि १९७७ साली अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीस आला.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही चित्रे पालटली, आणि हा पालट या नोंदीच्या मुख्य प्रतिपादनास बळकटी देतो. इंग्रजाची सत्ता गेल्याबरोबर त्याचा ताठरपणा सुसह्य, किंबहुना अनुकरणीय वाटू लागला. त्याची वक्तशीरता, रांग, चहा व क्रिकेट यांचा गौरव, पूर्वी ज्यांनी पोलिटिकल एजन्सीच्या नावाने बोटे मोडली त्यांच्याच नातवंडांनी केला. याउलट अमेरिकन आता सत्ताधीश झाला होता. साठ-सत्तरच्या दशकांतील टंचाईत रेशनच्या दुकानांतून मिळालेली अमेरिकेची तांबडी मिलो (ज्वारी) अनेक घरांनी खाल्ली, पोटासाठी खाल्ली, आणि देणाऱ्याविषयी कृतज्ञतेबरोबर अवमानाची भावनाही बाळगली. १९७१ च्या डिसेंबरात, भारत-पाक युद्धाच्या वेळी, अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागरात आल्यावर तर मायाळू मिशनऱ्याचे जुने चित्र पुसटच झाले. माणसे तीच होती. नाते बदलले होते.

आजच्या राजारामपुरीत या विषयाचे ज्ञान प्रवासवर्णनांतून येत नाही, ते घराघरांतून येते. पहिल्या गल्लीपासून पुढे क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीत थोरला मुलगा न्यू जर्सीस आणि धाकटी मुलगी लंडनजवळ, अशी कुटुंबे सापडतात. अशा घरच्या आजीला विचारावे. अमेरिकेतला शेजारी पहिल्या आठवड्यात घरी बोलावून गेला, पुढे वर्षभर त्याची गाठ नाही. इंग्लंडमधला शेजारी वर्षभर नुसती मान हलवीत होता, पण नातू आजारी पडला तेव्हा औषध घेऊन दाराशी उभा राहिला. असे अनुभव त्या सांगतात, आणि क्वचित याच्या नेमके उलटही सांगतात. एका घराच्या अनुभवावरून राष्ट्र ठरवू नये हे खरे. परंतु एका पोलिटिकल एजंटावरून वा एका मिशनऱ्यावरून राष्ट्र ठरविण्यापेक्षा या आजींची साक्ष अधिक विश्वसनीय मानावी लागते, कारण तिथे दोन्ही पक्ष शेजारी म्हणून बरोबरीने उभे असतात. १९३२ साली स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ आणि १९८१ साली स्थापन झालेले उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ यांच्या संमेलनांतून व स्मरणिकांतून असे साहित्य विपुल साठलेले आहे.

या विषयाच्या अभ्यासकाने एजन्सीचे दप्तर आणि अमेरिकन मिशनचे वार्षिक अहवाल एकत्र लावून वाचावेत. एकाच दुष्काळाविषयी, एकाच साथीविषयी, एकाच शाळेविषयी दोन्हीकडे काय लिहिले आहे हे ताडून पाहावे. आणि ज्या घरांत परदेशस्थ मुलांची जुनी पत्रे पेटीत पडून आहेत, त्यांनी ती रद्दीत न घालता कोल्हापुरातील एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या स्वाधीन करावीत, अशी विनंती आहे.