मान देण्याचा अधिकार कोणाचा? : प्रस्तावना

ऑगस्ट १८३९मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक साताऱ्यात आले. छत्रपती प्रतापसिंहांवर ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध कारस्थानाचा आळ होता. तहाचा भंग केल्याचे लिहून दिले तर गादी राहील, अशी अट कार्नॅक यांनी घातली. महाराजांनी सही केली नाही. गादी धाकटे बंधू शहाजी यांना मिळाली आणि प्रतापसिंहांची रवानगी काशीला झाली. तेथेच १८४७मध्ये त्यांचे निधन झाले.

नामधारी राजाचा हा हट्ट होता की ते राजकारण होते? वसाहतकाळातील मानमरातबाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच दिवशी भेटतो. किताब, खिलती, तोफांच्या सलाम्या, दत्तकाची मंजुरी यांना इतिहासकारांनी बराच काळ दरबारी थाटमाट म्हणून बाजूला ठेवले. पण सैन्य आणि महसूल हातचे गेल्यावर संस्थानिकांचे राजकारण याच गोष्टींत चालत होते.

काशीत हे ठळकपणे दिसते. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने ठरलेल्या खंडणीवर जादा मागण्या लादल्या, तेव्हा राजा चेतसिंहांनी बक्सरला जाऊन आपली पगडी त्याच्या मांडीवर ठेवली. मोगली रिवाजात याहून मोठी शरणागती नव्हती. तरीही ऑगस्ट १७८१मध्ये शिवाला घाटावरील वाड्यात त्यांना अटक झाली. लोक उठले, कंपनीचे शिपाई मारले गेले. चेतसिंह निसटले आणि पुढे महादजी शिंद्यांच्या आश्रयाला ग्वाल्हेरीस राहिले. काशीच्या गादीवर कंपनीने महीपनारायण सिंह यांना बसवले आणि खंडणी साडेबावीस लाखांवरून चाळीस लाखांवर नेली. १७९४च्या करारानंतर बहुतेक मुलखाचा कारभारही राजांकडे उरला नाही. उरली रामनगरची गादी, तिचा धार्मिक मान आणि रामलीला. त्याच घराण्याला १९११मध्ये सरकारने पुन्हा संस्थानाचा दर्जा दिला. म्हणजे मान काढून घेणारेही सरकार आणि परत बहाल करणारेही सरकारच.

हाच अधिकार प्रतापसिंहांनी नाकारला. कबुलीजबाबावर सही केली असती तर गादी टिकली असती, पण ती गुन्हेगाराला दिलेली माफी ठरली असती. त्यांचे वकील रंगो बापूजी दशकाहून अधिक काळ लंडनमध्ये दाद मागत राहिले. त्यांनी मागितली ती दया नव्हे, चौकशी.

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. नायजेरियातील योरुबा मुलखात ब्रिटिशांनी ओयोच्या अलाफिनला प्राचीन राजा मानून लढवय्यांच्या इबादान शहरावर त्याचे वर्चस्व लादले. इबादानच्या सरदारांनी ते कधी मनापासून मानले नाही. आपल्या प्रमुखाचा ‘बाले’ हा किताब बदलून ‘ओलुबादान’ करून घेण्यात त्यांना १९३६मध्ये यश आले. हा झगडा त्यांनी ब्रिटिशांनी उभारलेल्या व्यवस्थेतच चालवला.

नव्या अभ्यासकाने या क्षेत्रात निःसंकोच यावे. मोडी येत असेल तर उत्तमच. नसेल तर संस्थानी दरबारांतील ब्रिटिश रेसिडेंटांच्या छापील पत्रव्यवहारापासून आरंभ करता येईल. मात्र त्या पत्रांत ‘कारस्थान’, ‘कृतघ्नता’, ‘उद्धटपणा’ असे शब्द आले की थांबावे. कंपनीने देऊ केलेला मान तिच्या अटीवर घ्यायला कोणीतरी तयार नव्हते, असा त्यांचा अर्थ पुष्कळदा निघतो.